बादलीतली पालेभाजी : मातीविना शेतीचे घरगुती शास्त्र

मातीविना शेती म्हटले की पांढऱ्या पीव्हीसी नळ्यांची उतरंड, खाली टाकी, टाकीत घरघरणारा पंप आणि वर जांभळा उजेड असे चित्र समोर येते. बाजारातले तयार संचही त्याच चित्राच्या लहान आवृत्त्या असतात. फ्लॅटमध्ये चार माणसांपुरती पालेभाजी घ्यायची असेल, तर यातले बहुतेक सामान अनावश्यक आहे. झाकणाची एक अपारदर्शक बादली, चार-पाच क्षार आणि पुरेसा उजेड एवढ्यावर काम भागते. मात्र बादली का पुरते आणि कधी पुरत नाही, हे कळण्यासाठी मुळांचा व्यवहार आधी समजून घ्यावा लागतो. तो न समजता केलेली मांडणी महागडी असो वा स्वस्त, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोलमडते.

माती नेमके काय करते

व्हान हेल्मोंट या फ्लेमिश वैद्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती घटली जेमतेम दोन औंस. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. झाड पाण्यातूनच घडते, असा त्याचा निष्कर्ष होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला दिसणे शक्यच नव्हते. १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिन्याची रोपे पावसाच्या, नदीच्या आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात वाढवून पाहिली. पाणी जितके मातकट, तितकी वाढ जास्त. झाडाचे शरीर मातीच्या कणांनीच बनते, असे त्याने ठरवले. वाढ घडवत होते ते मातीतून पाण्यात उतरलेले क्षार, आणि हे सिद्ध व्हायला १८६० चे दशक उजाडावे लागले. त्या दशकात यूलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी मोजून घेतलेल्या क्षारांच्या द्रावणात झाडे वाढवून दाखवली.

आज वनस्पतीला आवश्यक मानलेली मूलद्रव्ये सतरा आहेत. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात, उरलेली चौदा मुळांवाटे क्षाररूपात जातात. म्हणजे मातीची कामे चार : रोप उभे धरणे, पाणी साठवणे, क्षार पुरवणे आणि मुळांना हवा देणे. पहिल्या तिन्हींना पर्याय सोपा आहे. चौथ्यावर घरगुती मांडणीचे यशापयश ठरते, आणि नेमके तेच दुकानदार सांगत नाही.

मुळांचा श्वास

पाने दिवसा ऑक्सिजन तयार करतात म्हणून मुळांना तो वेगळा लागत नाही, हा चुकीचा समज सर्वत्र आढळतो. मुळांच्या पेशी क्षार आत ओढण्यासाठी ऊर्जा खर्चतात आणि ती ऊर्जा श्वसनातून येते. भुसभुशीत मातीत कणांमधल्या पोकळ्यांतून हवा खेळते. पाण्यात चित्र वेगळे असते. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात. शिवाय साचलेल्या पाण्यात तो हवेच्या तुलनेत दहा हजारपट मंद गतीने पसरतो. मुळांनी जवळचा ऑक्सिजन संपवला की पृष्ठभागावरून नवा पोचायला फार वेळ लागतो.

भात चिखलात उभा राहतो, नाळीची भाजी तळ्यात पसरते, अळू पाणथळीत फोफावतो. या वनस्पतींच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ वाहिन्या असतात, त्यातून वरची हवा खाली मुळांपर्यंत पोचते. लेट्यूस, पालक, तुळस यांच्याकडे ही सोय पुरेशी नाही. त्यांना गुदमरू न देणे ही जबाबदारी मांडणी करणाऱ्याची.

या दृष्टीने पाहिले तर मातीविना शेतीच्या सगळ्या प्रचलित पद्धती एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत : मुळांपर्यंत हवा कुठून न्यायची? खोल पाण्याच्या टाकीत पंपाने बुडबुडे सोडतात. इंग्लंडमध्ये ॲलन कूपरने विकसित केलेल्या पद्धतीत उतरत्या पन्हळीतून द्रावणाचा पातळ पापुद्रा वाहतो आणि मुळांचा वरचा भाग हवेत राहतो. बाजारातल्या नळ्यांच्या संचांचे मूळ तिथे आहे. वाळू-खडीच्या वाफ्यात द्रावण ओतून निथळू देतात, म्हणजे निथळताना हवा आत खेचली जाते. १९४६ पासून जेम्स शोल्टो डग्लस यांनी तेव्हा दार्जिलिंग जिल्ह्यात असलेल्या कालिम्पाँगच्या सरकारी प्रक्षेत्रावर असेच वाफे वापरून पंप-नळांशिवायची ‘बंगाल पद्धत’ बसवली. आपल्या देशात या विषयाची पद्धतशीर सुरुवात तीच.

घरासाठी पद्धत निवडताना ती उत्तम चालते तेव्हा काय होते, हे पाहू नये. ती बंद पडते तेव्हा काय होते, हे पाहावे. वीज गेली की पन्हळीतला पापुद्रा ओसरतो आणि एप्रिलच्या दुपारी काही तासांत रोपे माना टाकतात. बुडबुड्यांची टाकी थोडी अधिक तग धरते, इतकेच. सुट्टीत गावी गेल्यावर पंप अडकला तर परतल्यावर काय दिसेल, हे सांगायला नको. भारनियमन आणि दिवाळीची सुट्टी या दोन कसोट्यांवर टिकणारी पद्धत एकच, हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांची स्थिर द्रावणाची.

तिचे तत्त्व असे. बादली द्रावणाने भरतात, रोपाची जाळीदार कुंडी झाकणात बसवतात आणि कुंडीचा तळ द्रावणात जेमतेम टेकवतात. रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते आणि झाकण व द्रावण यांच्यामध्ये दमट हवेचा थर तयार होतो. त्या थरात उघडी पडलेली मुळे बारीक, दाट फुटव्यांची होतात आणि हवेतून थेट ऑक्सिजन घेतात, खालची मुळे पाणी-क्षार घेतात. रोप मोठे होते, ऑक्सिजनची गरज वाढते आणि हवेचा थरही त्याच प्रमाणात वाढतो. पंपाचे काम रोपाची तहानच करते.

यातून एक नियम निघतो आणि नवखे लोक तोच मोडतात. पातळी अर्ध्यावर आलेली पाहून ते मायेने बादली पुन्हा काठोकाठ भरतात. हवेत वाढलेली मुळे बुडतात, दोन दिवसांत पाने मलूल होतात आणि रोप तहानले आहे असे वाटून आणखी पाणी पडते. भर घालायचीच असेल तर हवेचा निम्मा थर तरी मोकळा राहील इतपतच घालावी.

बादलीची घडण

क्रॅटकी यांनी एका लेट्यूससाठी चार लिटरची बाटलीही वापरली आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत रोपामागे पाच लिटर धरावेत. झाकणाच्या १५ लिटरच्या बादलीत दोन किंवा तीन रोपे मावतात. मासळीबाजारात मिळणारी थर्माकोलची पेटी, आतून काळे प्लास्टिक अंथरून, सहा रोपांना पुरते. उष्णता आत शिरू देत नसल्याने माझी पसंती पेटीला आहे. वजन मात्र विसरू नये : ३० लिटर द्रावण म्हणजे ३० किलो, आणि खिडकीच्या बाहेर काढलेली जुनी गंजकी ग्रिल त्यासाठी बनवलेली नसते.

बादली बाहेरून आधी काळ्या आणि त्यावर पांढऱ्या रंगाने रंगवावी. काळा थर उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. उजेड आत गेला की शेवाळ धरते आणि रात्री तेच शेवाळ मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन खाते. अंधाऱ्या खोलीत बादलीत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला की रंग कुठे विरळ आहे ते दिसते. झाकणाला पाच सेंटिमीटरची भोके सुताराकडून पाडून घ्यावीत. कुंडी भोकात घट्ट बसली पाहिजे, याचे कारण पुढे डासांच्या संदर्भात येईल. पातळी मोजायला झाकणाला पाडलेल्या, बुचाने बंद होणाऱ्या भोकातून सोडलेली काडी पुरते.

बी स्पंजच्या इंचभर चौकोनी तुकड्यात पेरावे, उगवल्यावर निम्म्या ताकदीचे द्रावण द्यावे आणि चार खरी पाने आली की तुकडा कुंडीत ठेवून भोवती भाजक्या मातीचे खडे भरावेत. कोकोपीट वापरायचे तर आधी दोन-तीनदा धुवून घ्यावे, कारण नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असते.

क्षारांचा हिशेब

महाराष्ट्रात राहणाऱ्याला इथे मोठी सोय आहे. नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि सोलापूरचा डाळिंबवाला ठिबकातून जी विद्राव्य खते सोडतो, तीच या बादलीची कच्ची सामग्री आहे. तालुक्याच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ‘तेरा शून्य पंचेचाळीस’, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, मागितले की मिळते.

मात्र शेतात चालते ते सगळे बादलीत चालत नाही. सर्वांत आधी हाती पडते ते १९:१९:१९. त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. जमिनीत जीवाणू युरियाचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात. स्वच्छ बादलीत हे जीवाणू पुरेसे नसतात, त्यामुळे कागदावर नत्र भरपूर आणि रोप पिवळे, असा प्रकार होतो. शिवाय त्यात कॅल्शियम अजिबात नाही. फवारणीची ग्रेड-२ सूक्ष्म अन्नद्रव्येही टाळावीत. त्यात जस्ताचे प्रमाण लोहापेक्षा जास्त असते, म्हणून लोहाची गरज भागेपर्यंत जस्त आणि तांबे मुळांना बाधेल इतके होते.

जीवामृताबद्दल प्रश्न हमखास येतो. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे हे मिश्रण जमिनीतल्या सूक्ष्मजीवांना खाद्य देण्यासाठी आहे. बंद बादलीत तेच सूक्ष्मजीव गुळावर वाढून उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, पाणी नासते आणि मुळे सडतात. जीवामृत कुंडीतल्या मातीला द्यावे, इथे नको.

पालेभाजीसाठी दहा लिटर मऊ पाण्याला पुढचे प्रमाण मी सुचवीन : कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) साडेतीन ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट (००:५२:३४) दीड ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम. यातून लिटरमागे नत्र सुमारे १५०, स्फुरद ३४, पोटॅशियम १७०, कॅल्शियम १३० आणि मॅग्नेशियम ३९ मिलिग्रॅम मिळते. कॅलिफोर्नियातल्या होगलंड आणि आर्नन यांच्या प्रसिद्ध सूत्राच्या सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश ताकदीचे हे द्रावण आहे. या जोडीने १९३८ मध्ये काढलेल्या पुस्तिकेचा एक हेतू त्यांच्याच विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांच्या अवास्तव दाव्यांना लगाम घालण्याचा होता. चांगल्या मातीपेक्षा द्रावणात कैकपट पीक येते, हे होगलंड आणि आर्नन यांना दिसले नाही. मोबाइलवर आज फिरणाऱ्या जाहिराती पाहिल्या की त्या पुस्तिकेची आठवण येते.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीचे क्षार कोरडे किंवा दाट द्रावणात एकत्र केले तर कॅल्शियम सल्फेटशी जुळून जिप्सम होते, फॉस्फेटशी जुळून न विरघळणारा साका होतो, आणि दोन्ही तळाशी बसतात. म्हणून बादलीत आधी बहुतेक पाणी घ्यावे, त्यात फॉस्फेट, पोटॅशियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम एकेक विरघळवावे, आणि कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या मगात विरघळवून शेवटी ओतावे. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढून पाणी-पाणी होते, त्यामुळे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. नायट्रेटे ज्वलनाला मदत करतात. ती देवघरातल्या दिव्यापासून, गॅसपासून आणि मुलांच्या हातापासून लांब असावीत.

लोह वेगळे द्यावे लागते. १२ टक्के चिलेटेड लोहाची (ईडीटीए) १७ ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात विरघळवली की त्याच्या एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम लोह येते, आणि दहा लिटर बादलीला दहा मिलिलिटर पुरते. ही बाटली अंधारात ठेवावी, उजेडाने चिलेट फुटते. बोरॉन, मँगनीज वगैरेंसाठी मातीविना शेतीसाठीच बनवलेले सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण विकत घेणे शहाणपणाचे. मिलिग्रॅममध्ये वजन करणारा काटा घरात नसतो, आणि बोरॉनची गरज व बाधा यांच्यातले अंतर फार थोडे आहे.

पाणी आणि सामू

वरचे प्रमाण मऊ पाण्यासाठी आहे. भातसा, तानसा, वैतरणाचे पाणी पिणारी मुंबई आणि खडकवासल्याचे पाणी पिणारे पुणे या बाबतीत सुदैवी आहेत. तेच पुण्याच्या उपनगरात सोसायटी टँकरवर किंवा बोअरवर असेल तर गणित बदलते. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. बायकार्बोनेट सामू, म्हणजे पीएच, वर ढकलत राहते. द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहा हवा. सातच्या वर गेला की ईडीटीएचे लोह निसटते, गाळ होते आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मऊ पाण्यात फॉस्फेटमुळे सामू बहुतेक वेळा आपोआप साडेसहाच्या आत येतो. जड पाण्यात फॉस्फोरिक आम्ल पातळ करून थेंबाथेंबाने घालावे लागते. लिंबू चालते, पण सायट्रिक आम्ल सूक्ष्मजीव खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत सामू पुन्हा चढतो.

आरओ यंत्राचे फेकून द्यायचे पाणी बादलीत वापरावे, असा सल्ला काटकसरी घरांतून ऐकू येतो. त्या पाण्यात मूळच्या पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, तेव्हा ते फरशी पुसायलाच ठीक. वापरायचे तर यंत्रातून आलेले शुद्ध पाणी किंवा पावसाचे पाणी.

क्षारांची एकूण मात्रा विद्युतवाहकतेवरून, शेतकऱ्यांच्या भाषेत ईसीवरून, कळते. वरच्या द्रावणाचा ईसी मूळ पाण्याच्या ईसीपेक्षा सुमारे दीड मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरने जास्त असावा. स्वस्त टीडीएस पेन या ईसीला ५०० किंवा ७०० ने गुणून पीपीएम दाखवतो. एकच द्रावण एका पेनावर ७५० तर दुसऱ्यावर १,०५० दिसते आणि वाद सुरू होतात. ईसी दाखवणारे यंत्र घ्यावे.

उजेड : जिथे हिशेब चुकतो

बाकी सगळे जमूनही घरातली भाजी लांबुडकी आणि फिकी राहते, याचे कारण उजेड. डोळा अंधाराशी जुळवून घेतो, त्यामुळे आपल्याला लख्ख वाटणाऱ्या दिवाणखान्यात टेबलावर २००-३०० लक्सच असतात. लेट्यूस नीट वाढायला पांढऱ्या एलईडीखाली १२ ते १४ हजार लक्स रोज चौदा तास हवेत, म्हणजे फरक जवळपास पन्नास पटींचा.

हे दिव्यांनी भरून काढायचे तर किती खर्च येतो? चार फूट बाय एक फुटाच्या फळीवर २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर लावाव्या लागतील. ८० वॅट गुणिले चौदा तास, म्हणजे दिवसाला १.१२ युनिट आणि दीड महिन्याच्या पिकाला ५० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ५०० रुपये. त्या फळीवर लेट्यूसचे आठ-नऊ गड्डे येतात, म्हणजे गड्ड्यामागे नुसत्या विजेचे पंचावन्न-साठ रुपये. हौस म्हणून ठीक आहे. पालकाच्या जुडीसाठी हा सौदा आतबट्ट्याचा. जांभळे दिवे घेऊनही त्यात फारसा फरक पडत नाही, आणि त्या उजेडात पानांचा रोगट पिवळेपणा डोळ्यांना दिसतही नाही.

तेव्हा ऊन येणारी खिडकी किंवा गॅलरी हीच खरी जागा. आपल्या अक्षांशावर दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात उत्तम : २२ डिसेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो आणि ऊन आतपर्यंत येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि त्याच खिडकीला थेट ऊन जवळपास मिळत नाही. पूर्वेची खिडकी वर्षभर सकाळचे सौम्य ऊन देते.

कमी उजेडाची आणखी एक बाजू आहे. पाने शोषलेल्या नायट्रेटचे प्रथिनांत रूपांतर उजेडाच्या ऊर्जेवर करतात. अंधुक जागी ते पानांतच साठते. म्हणून भाजी दिवसभर ऊन खाल्ल्यावर संध्याकाळी काढावी, आणि काढणीआधीचे दोन-तीन दिवस भर घालायची झाल्यास साध्या पाण्याची घालावी.

उष्मा, डास आणि पिकाची निवड

तापमान दहा अंशांनी वाढले की मुळांचे श्वसन साधारण दुप्पट होते, आणि त्याच वेळी पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो. अशा कोंडीत पिथियम ही पाण्यातली बुरशी शिरते आणि मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात. द्रावण २५ अंशांच्या आत ठेवता आले तर उत्तम. विदर्भात मे महिन्यात ते जमणार नाही, तिथे लेट्यूसचा हट्ट सोडावा. आपला देशी पालक बीटचाच जातभाई आहे, विलायती स्पिनॅचपेक्षा उष्णता जास्त सोसतो. उन्हाळ्यात माठ, पुदिना आणि नाळीची भाजी घ्यावी. नाळीला हवेच्या वाहिन्या असल्याने ती बादलीत सर्वांत निर्धोक. मेथी-कोथिंबिरीला ही खटपट कशाला? त्या दाट पेरून कोवळ्या उपटायच्या भाज्या आहेत. मुंबईच्या किनाऱ्यालगत रेताड वाफ्यांत होणारी समुद्रमेथी पाहिली की ट्रेभर वाळू त्यांना पुरते, हे पटते.

डासांचा विषय मात्र हसण्यावारी नेऊ नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि स्थिर द्रावणाची बादली त्याला हवी तशीच जागा आहे. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तगतात, म्हणून पीक निघाल्यावर बादली नुसती विसळून भागत नाही, घासून धुवावी लागते. रिकामी भोके बुचाने बंद करावीत, झाकणाच्या कडेची फट पट्टीने मिटवावी. पावसाळ्यात पालिकेचा कर्मचारी तपासणीला आला तर त्याला झाकण उघडून दाखवावे. त्याचा संशय रास्त असतो. उरलेले द्रावण दुप्पट पाणी घालून मातीच्या कुंड्यांना द्यावे.

सुरुवात करायची तर नोव्हेंबरात, पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीत, एका बादलीत दोन लेट्यूस किंवा दोन पालक लावून करा. जानेवारीत भाजी काढल्यावर मुळे उपटून पाहा. वरची पांढरी आणि केसाळ, खालची लांब आणि सडसडीत असतील तर पुढच्या हंगामात पेटी घ्यायला हरकत नाही. मुळे तपकिरी निघाली तर पंप आणायला दुकानात धावू नका, आधी पातळी, मग तापमान आणि मग उजेड तपासा.